नळीवरचे नाव

अहवाल घरी आला तेव्हा मगरिबची वेळ होत आली होती. खालाने सकाळी उपाशीपोटी रक्त दिले होते आणि नंतर दिवसभर नेहमीसारखे घरकाम केले होते. तिला दहा-बारा वर्षांपासून मधुमेह. साखर थोडी वाढलेली निघेल, डॉक्टर गोळी बदलतील, एवढीच सगळ्यांची अपेक्षा होती. कागद उघडला तर उपाशीपोटीची साखर ८८. सगळे खूश झाले. मग भाच्याची नजर खालच्या ओळीवर गेली. तिथे क्रिएटिनिनसमोर ४.८ असा आकडा ठळक छापलेला होता. बायकांमध्ये हा आकडा साधारण एकच्या आसपास असायला हवा. भाच्याने मोबाइलवर शोधले आणि तो गप्प झाला. मूत्रपिंडे निकामी होत चालल्याची ती खूण होती.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही. मामूंनी नागपूरच्या नातेवाइकांना फोन केले. यवतमाळला न्यायचे की थेट सेवाग्रामला, डायलिसिस लागले तर आठवड्यातून किती वेळा जावे लागेल, सोयाबीन आत्ताच विकून टाकावे का, असे बोलणे उशिरापर्यंत चालले. खाला काही बोलली नाही. सकाळी उठून तिने सुनेला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते दाखवून ठेवले.

सुनेनेच मग तो कागद पुन्हा वाचला, अगदी वरपासून. नाव बरोबर होते, आडनाव बरोबर होते. वयासमोर ३४ लिहिले होते. खाला ६१ वर्षांची आहे.

प्रयोगशाळेत जाऊन वही उघडायला लावली तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका रक्त देऊन गेल्या होत्या. वहीत दोघींच्या नोंदींमध्ये तीनच ओळींचे अंतर होते. चिठ्ठ्यांवर फक्त नाव लिहिलेले होते. त्या नळ्यांवर चिकटवताना अदलाबदल झाली होती. खालाचे खरे क्रिएटिनिन ठीक होते. साखर मात्र वाढलेली होती, आधी वाटले होते तशीच.

घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मामू मिठाई आणायला निघाले तेव्हा खालाने त्यांना थांबवले. ती म्हणाली, "त्या दुसऱ्या बाईच्या घरी काय चाललं असेल?"

ती दुसरी बाई नदीपलीकडच्या एका खेड्यातली होती. पायांवर सूज आणि सतत थकवा म्हणून ती तपासायला आली होती. "किडनी ठीक आहे, साखर थोडी जास्त आहे, गोड कमी खा," हे ऐकून ती घरी परतली होती. वहीत तिचा मोबाइल नंबर नव्हता. तिला शोधायला दोन दिवस लागले.

चूक यंत्राची नव्हती. यंत्राने दोन्ही नळ्यांतले रक्त अचूक मोजले होते. चुकले होते ते नळीवरचे नाव. रक्तावर कुणाचे नाव लिहिलेले नसते. ते नाव त्याला आपण देतो, आणि शेवटपर्यंत ते त्याच्यासोबत राहील याची काळजी कुणाला तरी घ्यावी लागते. हे काम जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये आता एक विशिष्ट प्रकारचे सॉफ्टवेअर करते. त्याला 'लॅबोरेटरी इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टीम' किंवा थोडक्यात 'लिम्स' म्हणतात. ते काय करते, काय करू शकत नाही आणि आपल्याला घरबसल्या त्याचा उपयोग कसा करून घेता येईल, हे समजून घेऊ या.

रक्त देण्यापासून अहवालापर्यंत

आपल्याला दिसतात त्या दोनच गोष्टी, सुई आणि कागद. या दोघांच्या मध्ये बरेच काही घडते. नोंदणी होते, नळी निवडली जाते, रक्त काढले जाते, नळीवर चिठ्ठी लागते, नमुना फिरवून त्यातला द्रव वेगळा केला जातो, तो यंत्रात जातो, आकडा येतो, तो आकडा अहवालात उतरतो, पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर तो तपासून सही करतात आणि मग कागद आपल्या हाती पडतो.

इटलीतल्या पादुआ शहराच्या रुग्णालयात प्लेबानी आणि कारारो या दोघांनी प्रयोगशाळेतल्या चुका कुठे होतात याचा दोनदा अभ्यास केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात सुमारे ६८ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्याआधीच्या होत्या. दहा वर्षांनी केलेल्या दुसऱ्या अभ्यासातही हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास होते. चुकीची नळी, चुकीचे नाव, अपुरे रक्त, उशिरा पोहोचलेला नमुना असे त्यांचे प्रकार होते. आपण मात्र प्रयोगशाळा निवडताना विचारतो, "त्यांच्याकडे मशीन कोणती आहे?" खरे तर आधी विचारायला हवे, "तुम्ही नळीवर काय लिहिता?"

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातले अरुणावती नदीकाठचे तालुक्याचे गाव. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे ते दूरवर ओळखले जाते. अशा गावातली खासगी प्रयोगशाळा म्हणजे बहुधा एक-दोन खोल्या, एक फिरकी यंत्र, एक-दोन तपासणी यंत्रे आणि टेबलावर एक जाड वही. पडद्यावर आलेला आकडा कागदावर लिहायचा, कागदावरचा आकडा संगणकावर टाइप करायचा, अशी पद्धत असते. दिवसाला दहा रुग्ण असतील तर हे चालून जाते. डेंग्यूच्या दिवसांत साठ-सत्तर रुग्ण आले की १.२ चे १२ व्हायला आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या ओळीत जायला वेळ लागत नाही. काम करणारा माणूस निष्काळजी असतो असे नाही. तो थकलेला असतो.

सॉफ्टवेअर नेमके काय करते

चांगल्या प्रणालीत आपली नोंदणी होताच एक क्रमांक तयार होतो. तोच क्रमांक बारकोडच्या काळ्या-पांढऱ्या रेघांमध्ये छापून चिठ्ठी निघते. किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशाच या रेघा. ही चिठ्ठी नळीवर लागली की पुढे कुणीही नाव वाचत नाही. यंत्र रेघा वाचते, सॉफ्टवेअरला विचारते की या नळीची कोणती तपासणी करायची, ती करते आणि आकडा स्वतःच परत पाठवते. मध्ये कुणाला काही लिहावे लागत नाही. म्हणजे लिहिण्यातली चूकच संपते.

नळ्यांच्या झाकणांचे रंग तुम्ही पाहिले असतील. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये असे रसायन असते. हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी त्यातून होते. राखाडी झाकणाची नळी साखरेसाठी, कारण नळीतल्या रक्तपेशीही साखर खात राहतात आणि त्यातले रसायन त्यांना थांबवते. लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांसाठी. निळी नळी रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी. कोणत्या तपासणीला कोणती नळी लागेल हे प्रणाली नोंदणीच्या वेळीच सांगते, त्यामुळे नवशिक्या कर्मचाऱ्याचीही चूक होत नाही.

आणखी तीन कामे ती करते, आणि जीव वाचवण्याच्या दृष्टीने ती मोठी आहेत.

पहिले काम जुन्या आकड्याशी तुलना करण्याचे. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन ११ असलेल्या गरोदर सुनेचे आज ६ आले, तर प्रणाली अहवाल अडवून ठेवते. खरोखर रक्तस्राव झाला आहे की नळी दुसऱ्याच कुणाची आहे, हे आधी पाहा, असे ती सांगते. खालाच्या बाबतीत अशी तुलना झाली असती तर मागच्या वर्षीचे ठीक असलेले क्रिएटिनिन आणि आजचे ४.८ यांतली तफावत रात्र होण्याआधीच लक्षात आली असती.

दुसरे काम धोक्याची घंटा वाजवण्याचे. पोटॅशियम फार वाढले किंवा साखर एकदम खाली गेली, तर अहवाल छापून होण्याची वाट पाहायची नसते. डॉक्टरांना लगेच फोन करायचा असतो. प्रणाली असे आकडे लाल करून दाखवते आणि फोन कुणी, किती वाजता, कुणाला केला याची नोंद मागते.

तिसरे काम यंत्राची रोजची परीक्षा घेण्याचे. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना सकाळी यंत्रात घालायचा आणि यंत्र बरोबर उत्तर देते का ते पाहायचे. प्रणाली ही उत्तरे दिवसामागून दिवस जपून ठेवते. यंत्र हळूहळू एका बाजूला झुकू लागले तर ते आलेखात दिसते. देशात प्रयोगशाळांना मान्यता देणारी 'एनएबीएल' ही संस्था आयएसओ १५१८९ या मानकानुसार तपासणी करते तेव्हा अशा नोंदी मागते.

आपल्या आसपास हे कुठे आहे

हे सगळे मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळांपुरते आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेकांचे रक्त अशा प्रणालीतून गेलेलेही आहे.

महाराष्ट्रात २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत 'महालॅब' ही मोफत तपासणी योजना सुरू आहे. केंद्र सरकारची एचएलएल लाइफकेअर ही कंपनी ती चालवते. तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रक्त घेतले जाते, नमुना वाहनाने प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल संगणकावरून परत येतो. रक्त एका गावात, यंत्र दुसऱ्या गावात आणि डॉक्टर तिसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था क्रमांकाशिवाय चालूच शकत नाही. सावळी सदोबाच्या बाजूने आलेला नमुना वाटेत किती वेळ राहिला हेही कळावे लागते, कारण फार वेळ रेंगाळलेल्या रक्तात पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसू शकते. म्हणून रक्त काढल्याची वेळ आणि ते प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ, दोन्ही नोंदल्या जायला हव्यात.

यवतमाळ जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जातात. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. खेड्यातल्या माणसासाठी उभ्या राहिलेल्या या रुग्णालयाने साधारण वीस वर्षांपूर्वीच सी-डॅक या सरकारी संस्थेच्या मदतीने आपला कारभार संगणकावर आणला. तिथे रुग्णाला एक क्रमांक मिळतो आणि पुढच्या खेपेला तो क्रमांक सांगितला की जुने अहवाल डॉक्टरांच्या समोर येतात. ज्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत दहा वर्षांचे कागद सांभाळले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

क्षयरोगाच्या रुग्णांसाठी २०१२ पासून 'निक्षय' ही देशव्यापी प्रणाली आहे. थुंकीच्या तपासणीपासून औषध पूर्ण होईपर्यंतची नोंद एका निक्षय क्रमांकावर होते. पोषण आहारासाठी रुग्णाच्या खात्यात जे पैसे जमा होतात, तेही याच नोंदीवरून. २०१८ मध्ये ती रक्कम महिन्याला ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. नाव चुकले, खाते जुळले नाही, तर ही मदत अडकते.

आणि कोरोना तर कुणीच विसरलेले नाही. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या पहिल्या रुग्णाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला गेला. जून संपेपर्यंत देशात हजाराहून अधिक प्रयोगशाळा ही तपासणी करू लागल्या. सुरुवातीला यवतमाळचे नमुने नागपूरला जात, नंतर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सोय झाली. नाकातून नमुना घेण्याआधी मोबाइलवर आपले नाव, वय, पत्ता भरून एक लांबलचक क्रमांक दिला जायचा, तो आठवत असेल. त्या क्रमांकामुळेच देशभर फिरणारे नमुने आपापल्या माणसाकडे परत आले.

२०१७ चा पावसाळा

अशा नोंदींचे आणखी एक काम आहे, आणि आपल्या जिल्ह्याला ते फार जवळून माहीत असायला हवे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. कितीजणांची दृष्टी अंधुक झाली, कितीजण दिवसेंदिवस कृत्रिम श्वासावर होते. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा किती झाली आहे, हे रक्तातल्या कोलिनेस्टरेज या घटकाच्या तपासणीवरून कळते. त्या वेळी ही तपासणी जिल्ह्यात होत नव्हती, यावर नंतर बोट ठेवले गेले.

सॉफ्टवेअर असते तर तपासणी झाली असती असे म्हणणे खोटे ठरेल. तपासणीला यंत्र लागते, रसायन लागते, माणूस लागतो. पण एका तालुक्यात आज दोन, दुसऱ्या तालुक्यात परवा तीन, असे एकाच तऱ्हेचे रुग्ण येत राहतात आणि प्रत्येक दवाखान्याची वही वेगळी असते, तेव्हा धोका कुणालाच पूर्ण दिसत नाही. वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. जोडलेल्या प्रणाली बोलू शकतात.

साथींवर लक्ष ठेवण्यासाठी देशात अशी व्यवस्था आहे. तिच्यात माहितीचे तीन अर्ज असतात. आरोग्य कर्मचारी लक्षणे पाहून एक भरतात, डॉक्टर अंदाजावरून दुसरा भरतात आणि प्रयोगशाळा खात्री झाल्यावर तिसरा भरतात. एप्रिल २०२१ पासून हे काम 'एकात्मिक आरोग्य माहिती मंच' या संगणकीय व्यवस्थेवर होते. एखाद्या वॉर्डात आठवड्यात डेंग्यूचे सात रुग्ण निघाले, तर ते नकाशावर दिसावे आणि फवारणीची गाडी तिकडे जावी, हा त्यामागचा हेतू. छोट्या प्रयोगशाळेने आपला निकाल कळवलाच नाही, तर नकाशावर ते गाव निरोगी दिसते.

आपल्या नावांची अडचण

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. नावांच्या बाबतीत आपल्या घरांना जास्त सावध राहावे लागते.

एकाच मोहल्ल्यात दोन-तीन शेख सलीम असणे नवीन नाही. मोहम्मदचे कुणी 'मो.' लिहितो, कुणी 'एमडी'. शेखचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरे आणि दवाखान्यात 'एसके' एवढेच. बायकांची तऱ्हा आणखी वेगळी. माहेरच्या कागदावर परवीन, सासरच्या कागदावर बी, मतदार यादीत बेगम आणि नोंदणीच्या खिडकीवर पतीचे नाव पुढे. माणसाला कळते की ही एकच बाई आहे. संगणकाला वाटते की या चार आहेत. कधी उलटेही होते. दोन वेगळ्या बायका त्याला एकच वाटतात, आणि एकीचा जुना अहवाल दुसरीच्या खात्यात जाऊन बसतो.

म्हणून जगभर एक साधा नियम आहे. रुग्णाची ओळख नुसत्या नावावर ठरवायची नाही, किमान दोन खुणा जुळवायच्या. नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि नोंदणी क्रमांक. आपल्याकडे जुन्या पिढीला जन्मतारीख माहीत नसते. दर वेळी अंदाजाने वय सांगितले जाते, कधी ५५, कधी ६०. घरातल्या मोठ्यांची आधारवरची जन्मतारीख आणि स्पेलिंग एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगा. ती तारीख खरी नसेलही, पण ती सगळीकडे सारखी असली पाहिजे.

२७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य योजनेत १४ अंकी 'आभा' क्रमांक काढता येतो. वेगवेगळ्या दवाखान्यांतले अहवाल एका क्रमांकाखाली यावेत हा त्याचा हेतू. तो घेणे ऐच्छिक आहे. घेतलात तर कोणता अहवाल कोणाला दाखवायचा याची परवानगी तुमच्याकडून घेतली जाते, हे लक्षात ठेवा आणि आलेल्या संदेशावर न वाचता 'हो' म्हणू नका.

तपासण्यांचीही अशीच दोन-दोन नावे असतात. यकृताची एसजीपीटी आणि एएलटी ही एकच तपासणी आहे. एका प्रयोगशाळेने एक नाव छापले आणि दुसरीने दुसरे, की घरी वाटते नवीन काही निघाले. हा गोंधळ संगणकांमध्येही होत असे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथल्या रेगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून तपासण्यांना सांकेतिक क्रमांक द्यायला सुरुवात केली. 'लॉइंक' नावाची ती यादी आज अनेक देशांत वापरतात.

सॉफ्टवेअरला काय जमत नाही

संगणकाने छापलेला कागद म्हणजे खरा कागद, असा आपला समज असतो. तो सोडून द्यावा. चुकीच्या नळीवर बरोबर बारकोड लागला तर प्रणाली ती चूक अतिशय इमानदारीने शेवटपर्यंत नेते. रक्त काढून झाल्यावर चार नळ्या ट्रेमध्ये ठेवून मग निवांत चिठ्ठ्या लावल्या जात असतील, तर महागडे सॉफ्टवेअरही तिथे काही करू शकत नाही. चिठ्ठी रुग्णासमोरच लागली पाहिजे.

सहीचाही प्रश्न आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कायम केला. संगणकात सहीचे चित्र साठवून ठेवता येते, आणि डॉक्टरांनी न पाहताच ते प्रत्येक अहवालाखाली छापताही येते. म्हणून अहवालाखालचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचावा, आणि शंका आली तर "डॉक्टर कधी भेटतील?" असे सरळ विचारावे.

वीज आणि नेट यांचे दुखणे तर आपल्याला ठाऊकच आहे. त्यावर उपाय शोधणारेही आहेत. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांची संस्था गरीब आणि आदिवासी रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. तिच्या गरजेतून 'बहमनी' नावाचे मोफत सॉफ्टवेअर तयार झाले. थॉटवर्क्स या कंपनीच्या लोकांनी ते घडवले. त्यात प्रयोगशाळेसाठी 'ओपन-एलिस' ही मुक्त प्रणाली जोडलेली आहे. रुग्णालयातल्याच एका संगणकावर ते चालते, त्यामुळे बाहेरचे नेट गेले तरी काम थांबत नाही. आज ते इतर देशांतही वापरले जाते. आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली डीएमएलटी करून प्रयोगशाळांत काम करतात आणि कितीतरी संगणकाचे शिक्षण घेतात. या दोन्ही कामांची सांगड घालणारा माणूस तालुक्याच्या गावात अजून सहज सापडत नाही. ज्यांना गावात राहूनच काही करायचे आहे त्यांनी या वाटेचा विचार करावा.

अमानत

रक्ताचा अहवाल ही आपल्याकडची अमानत असते, आणि प्रयोगशाळेकडची तर त्याहून जास्त. मुलीची थायरॉइडची तपासणी, सुनेची गर्भधारणेची तपासणी, मुलाच्या कावीळचा निकाल हे व्हॉट्सअॅपवर आधी शेजाऱ्याच्या मोबाइलवर जावेत, तिथून कुटुंबाच्या गटात फिरावेत, असे सर्रास घडते. कधी लग्ने मोडतात, कधी माणसाला कामावरून कमी केले जाते.

चांगल्या प्रणालीत प्रत्येक कर्मचाऱ्याचा प्रवेश वेगळा असतो. कोणता अहवाल कुणी, कधी उघडला याची नोंद राहते. पण पासवर्ड सगळ्यांना माहीत असेल आणि संगणक उघडाच राहत असेल तर त्या नोंदीला अर्थ नाही. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा स्पष्ट आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यानेही माहिती ज्याची आहे त्याच्या संमतीला महत्त्व दिले आहे. कायदा दूरचा वाटत असेल तर निदान एवढे करावे. नोंदणी करताना शेजारच्या मुलाचा नाही, ज्याचा अहवाल आहे त्याचा किंवा त्याच्या सगळ्यात विश्वासू माणसाचा नंबर द्यावा. आणि दुसऱ्याचा अहवाल आपल्या मोबाइलवर आला तर तो त्याच्यापर्यंत पोहोचवून आपल्याकडून पुसून टाकावा.

खिडकीवर उभे असताना

पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा या गोष्टी लक्षात ठेवा. त्यांना पैसे लागत नाहीत.

नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि गाव स्वतः सांगा. "तुम्हीच सलमा ना?" या प्रश्नाला नुसती मान डोलावू नका, पूर्ण नाव उच्चारा.

रक्त काढल्यावर तुमच्यासमोर चिठ्ठी लागेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. चिठ्ठीवरचे नाव आणि क्रमांक तुमच्या पावतीशी जुळतात का ते पाहा. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाला वाचायला सांगा.

शेवटचे कधी खाल्ले, कोणत्या गोळ्या सुरू आहेत, रोजा आहे का, हे सांगा. आकड्याचा अर्थ त्यावरून बदलतो.

अहवाल हातात आला की आधी आकडे पाहू नका. नाव, वय, स्त्री की पुरुष, रक्त दिल्याची तारीख आणि वेळ, हे आधी वाचा. मग आकडे.

आकडा अनपेक्षित असेल तर घाबरण्याआधी आणि खुश होण्याआधीही एकदा विचारा, "हा नमुना पुन्हा तपासता येईल का?" नीट चालणारी प्रयोगशाळा या प्रश्नाचा राग मानत नाही.

जुने अहवाल जपून ठेवा. जुना आकडा हातात असेल तर सॉफ्टवेअर करते ती तुलना डॉक्टरही करू शकतात, आणि आपणही.

खाला आता तपासणीला जाते तेव्हा रांगेतल्या प्रत्येक बाईला नावाची चिठ्ठी बघायला लावते. कर्मचारी कधी हसतात, कधी वैतागतात. ती दुसरी बाई पुढच्या उपचारांसाठी यवतमाळला जाते. उशीर दोनच दिवसांचा झाला होता, त्यामुळे उपचार वेळेत सुरू झाले. मधल्या काळात त्या प्रयोगशाळेने वही बंद केली आणि संगणक घेतला. काही महिन्यांनी तिथे नोंदणीच्या खिडकीवरून एक नाव पुकारले गेले, तेव्हा बाकावरच्या दोन बायका एकदम उठल्या. खिडकीतल्या मुलाने दोघींकडे पाहिले आणि विचारले, "जन्मतारीख सांगा." आधी खालाने सांगितली, मग तिने.